मीटिंगनंतरची शाल

१ जानेवारी २००६, रविवार

दूध संस्थेची नवी डायरी आली. पहिल्या पानावर ह्यांचा फोटो, हात जोडलेला. खाली छापलंय, आपला नम्र सेवक सयाजीराव, चेअरमन. उचगावात फोटो बघून लोक तोंड फिरवून हसतात. चेअरमन झाल्यापासून ह्यांनी कुणापुढं हात जोडलेला कुणी बघितला न्हाय. मी बघते. दर रविवारी बघते.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर म्हशीनं शेणातनं पाय ओढल्यागत. तरी लिहिणार. ह्यांनी जोतिबाची शपथ घातलीया, कुणाला बोलायचं न्हाय. लिहायचं न्हाय असं काय म्हणाले न्हाईत.

तर झालं असं. गेल्या दिवाळीच्या आधी हे चिखलाच्या चपला घालून माझ्या नुकत्याच पुसलेल्या सैपाकघरात शिरले. म्हशीनं सकाळीच लाथ मारून दूध सांडलेलं, गॅस संपलेला, माझं डोकं फिरलेलं. मी उलथणं उगारून वरडले, "सयाजी, कान धर आन हितंच उभा ऱ्हा!"

नवऱ्याला. नाव घेऊन. ते नाव मी आजवर उखाण्यातच घेतलेलं, ते बी लाजत. आता कानाखाली बसतीया म्हणून मी मान आत घेतली. आन ह्यांनी कान धरले की! चेहरा असा निवला, जसा वार्षिक सभेत सगळे विषय एका मताने मंजूर झाल्यावर निवतोय. आठवड्यानं चहा पिताना बशीत बघत म्हणाले, "परवासारखं परत एकदा करशील काय?"

आता दर रविवारी दुपारी असतंय. त्याला आम्ही मीटिंग म्हणतो. पोरगी क्रांती इचलकरंजीला दिलीया, घरात दुसरं कोण न्हाय. भिंतीला लागून गुंडूची पिठाची गिरणी. ती घरघरली की मीटिंग सुरू. मी अध्यक्ष, हे सभासद. उठाबशा, शिव्या, हात बांधायला नवा कासरा, पाठीवर उलथणं. सोसंना झालं की ह्यांनी "तहकूब" म्हणायचं, मी तिथंच थांबायचं. नियम सगळे ह्यांचेच. काही गोष्टी लिहीत न्हाय, त्या नवराबायकोच्या.

झालं की ह्यांना अंगात हुडहुडी भरते. सत्काराच्या शालींनी आमची ट्रंक भरलीया, त्यातली एक पांघरते. तळव्यांना तेल चोळते. हळद-गुळाचं दूध पाजते. "झालं हं, झालं, शाना हाय माझा बाळ," म्हणते. पन्नाशीचा बाप्या गालाखाली हात घेऊन झोपतोय.

मग मी गोठ्यात जाऊन बसते.

८ जानेवारी, रविवार

आज बी गोठ्यात. हात थरथरतोय, गार पडतोय, आन डोळ्याचं पाणी खळत न्हाय. मीटिंगीत असते तवा काय वाटत न्हाय. उलट लई ताकद येती. झालं की दोर कापल्यागत खाली पडते.

आमचा बा आईला मारायचा. कालवण खारट झालं म्हणून, आन अळणी झालं म्हणून बी. मारून झालं की अंगणात बसून बिडी पेटवायचा, तवा त्याचा हात असाच थरथरायचा. काडी विझायची, तो दुसरी ओढायचा. मी उंबऱ्यात बसून बघायची. आज माझ्या हाताकडं बघितलं आन तोच हात दिसला. बोटं बी त्याचीच हाईत, आखूड.

म्हशीला सांगितलं. ती रवंथ करत ऱ्हायली.

२३ जानेवारी, सोमवार

डॉक्टरकडं गेलते.

"काय होतंय मावशी?"

"रडू येतंय."

"कधी?"

"रविवारी दुपारी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "रविवारीच? सोमवारी, बुधवारी?"

"न्हाय. आन एक रविवार हे संस्थेच्या कामानं मुंबईला गेलते, तवा बी न्हाय आलं."

"म्हणजे साहेब घरात असले की रडू येतं?"

"तसं न्हाय."

"मग कसं?"

आता कसं सांगायचं? त्यानं पाळी जायचं वय म्हणून लिहिलं, ताकदीचं इंजेक्शन टोचलं, आन रविवारी दुपारी मन रमवायला काय तरी करत जा म्हणाला. मी म्हटलं, करते की.

५ फेब्रुवारी, रविवार

आज मीटिंगनंतर हे झोपायच्या आत म्हटलं, "आवो, झाल्यावर मला पण काय तरी पाहिजे."

शालीतनं तोंड काढून म्हणाले, "काय? साडी?"

"साडी नको."

"मग मिक्सर?"

"मिक्सर काय करू? माझं मन जाग्यावर ऱ्हात न्हाय."

हे आडवे पडल्या पडल्या चेअरमन झाले. "तुझा मुद्दा रास्त हाय. पुढच्या वेळी विषय घेऊ." आन घोरायला लागले.

लोकांची कामं बी हे अशीच करतात. आता कळलं गल्लीतली गटार अजून का तुंबलीया.

१२ फेब्रुवारी, रविवार

लिहिताना सुद्धा कान तापतात.

भारनियमन रविवारी नसतंय म्हणून आम्ही निर्धास्त. मीटिंग रंगात आलेली. हे भिंतीकडं तोंड करून उभे, गिरणी घरघरतीया, मी घशाच्या शिरा ताणून वरडले, "सयाजी, कान सोडलास तर बघ, आज तुला उपाशी ठेवते का न्हाय!"

"सयाजी"पशी लाईट गेली. गिरणीचा पट्टा थांबला. पुढचं सगळं, एक एक अक्षर, गिरणीपुढं डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं.

बाहेर शांत. आत शांत. मग हे बारीक आवाजात, "तहकूब, तहकूब."

भिंतीपलीकडनं बाळाबाईचा आवाज आला. गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय ते हिला वासावरनं कळतंय. "वैनी, काय झालं वो?"

"काय न्हाय. रेडकू मस्तीला आलंय."

"रेडकाचं नाव सयाजी ठेवलंय व्हय?"

"व्हय."

"आन ते कान धरतंय?"

गुंडू लई जोरात खोकला. मग सगळ्या बायकांना एकदम खोकला आला.

हे पलंगाखाली उलथणं सारत म्हणाले, "रेडकू छान सुचलं हं तुला." आज शाल नको म्हणाले, घाम फुटलेला.

१५ फेब्रुवारी, बुधवार

संस्थेत एका संचालकानं विषय काढला म्हणं, साहेबांचं नाव रेडकाला ठेवणं हा संस्थेचा अपमान हाय. ह्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "माझं घर, माझं रेडकू." सगळे गप. घरी येऊन मला हे सांगताना खूष होते. माणूस दिवसभर दुसऱ्यांना गप करतोय आन रविवारी स्वतःला गप करून घ्यायला माझ्याकडं येतोय. मी काय गिरणी हाय व्हय, आणा डबा, घ्या दळून?

दुपारी बाळाबाई आली. बसली, पदर सारखा केला, इकडंतिकडं बघितलं.

"वैनी, खरं सांगा. रेडकू न्हाय."

"रेडकूच हाय."

"बरं, रेडकू तर रेडकू. आमच्या घरात बी एक रेडकू हाय. रोज पिऊन येतंय. तुम्ही एकदा येऊन त्याला कान धराय लावा. तुमचा आवाजच पुरं हाय."

"मी काय हवालदार हाय?"

"हवालदाराला कोण भितंय? तुम्हाला भितीया बघा अख्खी गल्ली. कालपास्नं गुंडू सुद्धा पीठ बारीक काढतोय."

ती हसली, मी बी हसले. ती गेल्यावर मात्र आई आठवली. आई बाजारला निघाली की गल्लीतल्या बायका आमच्या बाबद्दल अशाच बोलायच्या. आवाज लई भारी बाई त्याचा, अख्खी गल्ली भिते. आई खाली बघून चालायची.

२६ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र, उपासाचा दिवस. मी म्हटलं, आज राहू द्या. हे म्हणाले, "उपास खाण्याचा असतो."

आज जोरात लागलं. ह्यांनी तहकूब म्हटलं न्हाय, उलट "हं" म्हणाले. मी परत मारलं. पाठीवर वळ उठला, लाल, उलथण्याच्या पात्याएवढा. आन मला बरं वाटलं. वळ बघून बरं वाटलं. ही गोष्ट मी म्हशीला सुद्धा सांगणार न्हाय, हितं लिहिते. बाला बी असंच बरं वाटत असंल काय?

उलथणं टाकून मी गोठ्यात पळाले. ना शाल पांघरली, ना दूध दिलं.

थोड्या वेळानं हे स्वतःच शाल गुंडाळून गोठ्याच्या दारात आले. "आज तर झकास झालं की. पळालीस का?"

माझा बांध फुटला. म्हटलं, "तुम्हाला शाल हाय, दूध हाय, तेल हाय, शाना बाळ हाय. मला काय हाय? म्हशीचं शेपूट? मार खाणाऱ्याला सगळं, मारणाऱ्याला कोण विचारतंय? मला बी शाल पाहिजे!"

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. सभेत कुणी अवघड प्रश्न विचारला की अशीच पडती. मग मान हलवून म्हणाले, "लक्षात आलं. इतकी वर्षं आमच्याकडनं हे राहूनच गेलं. करतो बंदोबस्त."

आवाज भरून आलता ह्यांचा. मला वाटलं, सुटले बाई.

३ मार्च, शुक्रवार

हे दोन दिवस गुपचूप फोनवर बोलतात. मी गेले की "नंतर बघू" म्हणून ठेवतात. काल विचारलं, "तुला रंग कुठला आवडतो?" लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. मी जांभळा म्हटलं. रात्री भाकरी दोन जास्त वाढल्या.

८ मार्च, बुधवार

जांभळी शाल मिळाली.

संस्थेच्या पटांगणात मांडव. जागतिक महिला दिन. मला सांगितलं, नुसतं येऊन बस. बसले तर माईकवरनं नाव! "आदर्श गृहिणी पुरस्कार, सौ. तानाबाई सयाजीराव!" स्टेजवर आमदारांची बायको. तिनं शाल खांद्यावर टाकली, नारळ दिला, गुच्छ दिला. शालीची प्लॅस्टिकची पिशवी तिच्या बांगडीत अडकली, ती काढता काढता फोटो निघाले.

संस्थेच्या सेक्रेटरीनं मानपत्र वाचलं. शांत, मायाळू, सोशिक, आवाजात मध, कधी कुणाला कटू शब्द न बोलणाऱ्या. मागच्या रांगेत गिरणीवरच्या सगळ्या बायका. बाळाबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी खुर्ची हलत होती. दुसरी म्हणाली, "आता रेडकाला बी द्या की एखादा पुरस्कार."

आन हे पहिल्या रांगेत बसून माझ्याकडं असे बघतायत, जसं आत्ताच मला नदीतनं वर काढलंय.

घरी आल्यावर विचारतात, "झालं का समाधान?"

नारळ फेकून मारावासा वाटला. पण ते ह्यांना आवडलं असतं. नवऱ्याचा राग आला तर मारायची सोय सुद्धा उरली न्हाय मला.

नारळ फोडून चटणी केली. शाल ट्रंकेत टाकली, बाकीच्या शालींवर.

९ मार्च, गुरुवार

दिवसभर ह्यांच्याशी बोलले न्हाय. हे जेवल्यावर माझ्या पायापशी येऊन बसले आन पाय दाबायला लागले. खाली मान घालून. "चुकलं असंल तर शिक्षा कर."

मी पाय वढून घेतला. "ही सेवा तुमचीच हौस हाय. मी वर, तुम्ही खाली, म्हणजे मीटिंग चालूच की. मला मीटिंग नको, मीटिंगीच्या बाहेरचा माणूस पाहिजे."

ह्यांना कळलं न्हाय. मला बी बोलल्यावरच कळलं.

१२ मार्च, रविवार

गिरणी सुरू झाली. हे कासरा घेऊन आले. मला न्हाय म्हणवलं न्हाय. म्हटलं, बघू, आज शेवटचं. आज बी तसंच झालं तर ह्या घरात परत मीटिंग न्हाय, मग ह्यांनी किती बी तोंड पाडू दे.

उलथणं उचललं. हात वर गेला. भिंतीवर सावली पडली, आखूड बोटं, उगारलेला हात. बाचा.

मी म्हटलं, "तहकूब."

हे वळले. कान धरलेलेच. "अगं, तहकूब मी म्हणायचं असतंय."

"कोण म्हणतंय? अध्यक्ष मी हाय का तुम्ही?"

"तूच."

"मग अध्यक्षच म्हणतीया. तहकूब."

आन मी खाली बसले, फरशीवर. सगळं सांगितलं. बा, बिडी, विझणारी काडी, खाली बघून चालणारी आई. गोठ्यात दर रविवारी काय होतंय ते. वळ बघून बरं वाटलं ते सुद्धा सांगितलं. ह्यांच्याकडं न बघता सांगितलं.

हे उभेच. कान सोडायचे सुद्धा विसरले. म्हणाले, "मी काय करू? सांग, तसं करतो."

"हुकूम मागू नका. आज माझ्यात हुकूम न्हाय."

चेअरमनकी करताना सेक्रेटरी सांगतोय, घरात मी सांगते. कुणी काय सांगितलं न्हाय असा प्रसंग ह्यांच्यावर बहुतेक पहिल्यांदाच आला. कान सोडले, हात नुसतेच लोंबले. मग ट्रंक उघडली. जांभळी शाल काढली, माझ्याकडं बघितलं, परत ठेवली. गोठ्यात गेले. मी पहाटे धारा काढताना अंगावर घेते ते घोंगडं घेऊन आले, शेणाच्या वासाचं, आन माझ्या खांद्यावर घातलं. नीट, गळ्यापशी दाबून.

मग सैपाकघरात भांडी पडली. दूध उतू गेल्याचा वास आला. दूध संस्थेचा चेअरमन, एवढ्या गावाचं दूध गोळा करतोय, आन पेलाभर तापवता येत न्हाय. करपलेलं दूध आणलं. हळद मूठभर. गूळ विसरलेला. मी प्याले.

हे खाली पायापशी बसले न्हाईत. शेजारी बसले, भिंतीला टेकून, खांद्याला खांदा लावून. माझा हात घेतला. थरथरत होता, थरथरू दिला.

मग म्हणाले, "तुझ्या बाला तुझी आई तहकूब म्हणाली असती, तर तो थांबला असता?"

आई काय काय म्हणायची ते मला आठवलं. पाया पडते म्हणायची. लेकरू बघतंय म्हणायची.

"न्हाय," मी म्हटलं.

"मी नुसता श्वास जोरात घेतला तरी तू थांबतीस. विचारतीस, सयाजी, बराय का. आज तर मी काय म्हणायच्या आतच थांबलीस." मग माझी बोटं उघडून बघितली. "आखूड हाईत, खरं. पण ह्या हातानंच मला शाल पांघरतीस की गं."

"आन वळ बघून बरं वाटलं ते?"

"मला बी बरं वाटलं. मी मागितलेला वळ हाय तो. तुझ्या आईनं मागितलेला काय?" माझ्याकडं बघितलं. "तू वाईट न्हाईस, ताना."

ताना. लग्न झाल्यापासून मी ह्यांना "ऐकलंस काय" होते, नंतर "क्रांतीची आई". आज कुणी सांगितलं नसताना माझं नाव घेतलं. उखाणा बी नव्हता.

मी हंबरडा फोडला. गिरणी चालू होती म्हणून बरं.

१९ मार्च, रविवार

मीटिंग झाली. नियम एक वाढला, तहकूब कुणी बी म्हणू शकतंय. झाल्यावर पेले दोन. आधी मी ह्यांचं बघते, मग हे उठून माझं. ह्यांना म्हटलं, झोप आली तरी झोपायचं न्हाय, माझं होईस्तवर. दूध आज बी करपलं. मी चुलीजवळ जाऊन शिकवणार न्हाय. शिकतील.

हात थोडा थरथरला. गोठ्यात गेले न्हाय. घोंगडं घेऊन पलंगावरच पडले, हे पाठीवर हात ठेवून शेजारी.

तेवढ्यात परत लाईट गेली. गिरणी थांबली. सगळं शांत. बाळाबाई टपूनच बसलेली असावी, भिंतीपलीकडनं हाक आली, "वैनी, वो वैनी! आज रेडकाचा आवाज न्हाय! बरं हाय न्हवं?"

मी उत्तर द्यायला उठणार, तर ह्यांनी मला दाबून खाली ठेवलं. आन संस्थेत वापरतात त्या चेअरमनच्या आवाजात, अख्ख्या गिरणीला ऐकू जाईल असं वरडले, "रेडकू बरं हाय! जरा गप बसा, आमची मालकीण दमून झोपलीया!"

बाहेर कुणी खोकलं न्हाय.

मी जागीच होते. पण डोळे उघडले न्हाईत.